घटस्फोटानंतर पोटगी पुरे, की संसारात उभ्या राहिलेल्या मिळकतीत हिस्सा हवा?

सांजवात

घटस्फोटाची नोटीस हाती पडलेली बाई बँकेत आली की तिचा पहिला प्रश्न कोणता असतो, हे मी नोकरीच्या शेवटच्या १२ वर्षांत अनेकदा ऐकले. "मॅडम, ह्यांच्या खात्यावर किती शिल्लक आहे, तेवढं सांगता का?" सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावची शाखा, त्यामुळे समोरची बाई बहुधा ओळखीची असे. त्यांतली एक माझ्या मनातून जात नाही. घरच्या चार गाईंचे शेण काढण्यापासून धारा काढण्यापर्यंत सगळे काम ती करी. पहिली गाय तर तिच्या माहेरच्या पाटल्या मोडून घेतलेली होती. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार जमा झाला की पासबुक भरून घ्यायला तीच येई. पैसे काढायची स्लिपही तीच लिहून आणी, खाली सही मात्र नवऱ्याची असे. ज्या दिवशी तिने शिल्लक विचारली, त्या दिवशी खातेदाराखेरीज कोणालाही ही माहिती देता येत नाही, हा नियम मला तिला सांगावा लागला. नियम बरोबर होता आणि आजही मी तोच सांगेन. पण डेअरीचा सभासद नवरा, म्हणून बिल त्याच्या नावावर. बिल त्याच्या नावावर, म्हणून खाते त्याचे. आणि खाते त्याचे, म्हणून पंधरा वर्षे काढलेल्या धारांचा हिशेब विचारण्याचा अधिकार तिला नाही, ही साखळी मला त्या काउंटरवर पहिल्यांदा सबंध दिसली.

घटस्फोटाचा विषय निघाला की आपण पोटगीच्या रकमेवर भांडतो आणि त्याआधीचा प्रश्न, म्हणजे संसार चालू असताना उभी राहिलेली मिळकत कोणाची, हा तसाच राहतो. गोव्यातली व्यवस्था निराळी आहे. पण महाराष्ट्रात लग्नामुळे पत्नीला पतीच्या मिळकतीत मालकी मिळत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली न्यायालय ज्या मालमत्तेबाबत आदेश देऊ शकते, ती लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास भेट मिळालेली आणि दोघांच्या सामाईक मालकीची असावी लागते. म्हणजे कपाट, पलंग, भांडी यांच्या पलीकडे हे कलम फारसे जात नाही. लग्नानंतर दहाव्या वर्षी घेतलेली जमीन किंवा विसाव्या वर्षी बांधलेले घर मात्र खरेदीखतावर ज्याचे नाव आहे त्याचेच राहते.

२०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामातला वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे निघाला आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. या कामाला मोल आहे हे न्यायालयांना मान्य आहे. अपघातात गृहिणी दगावली तर तिच्या घरकामाची किंमत धरून भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आणि २०२१ मध्ये पुन्हा सांगितले. म्हणजे बाई गेल्यावर तिच्या कामाची किंमत ठरते, पण तीच बाई जिवंतपणी त्या घरातून बाहेर पडली तर मालकीच्या हिशेबात त्या कामाला जागा नसते.

ही उणीव कोणाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. घटस्फोटाच्या वेळी पत्नीला पतीच्या स्थावर मिळकतीतून वाटा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदे दुरुस्ती विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये मंजूर केले होते. लोकसभेत ते पुढे गेले नाही, २०१४ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि विधेयकही संपले. त्यानंतर तो विषय पुन्हा त्या टप्प्यापर्यंत आलेला नाही.

माझे म्हणणे असे की लग्नानंतर दोघांपैकी कोणाच्याही नावावर, संसाराच्या कमाईतून उभी राहिलेली मिळकत घटस्फोटाच्या वेळी वाटणीस पात्र धरावी आणि पोटगी तिच्या जोडीला गरजेपुरती असावी. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आपली बाजू जरूर मांडावी. मला ती समजून घ्यायची आहे.

तटस्थ

सांजवातताई, आपले निरीक्षण प्रामाणिक आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. कायदा स्त्रीच्या विरोधात आहे असे चित्र आपण उभे केले आहे. प्रत्यक्षात पत्नीला पोटगी मागण्यासाठी चार वेगळे दरवाजे उघडे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, म्हणजे जुने कलम १२५, हा एक. हिंदू विवाह कायद्याची कलमे २४ आणि २५ हा दुसरा. हिंदू दत्तक व पोटगी कायदा तिसरा आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा चौथा. यांपैकी पतीला फक्त दुसऱ्या दरवाजातून आत जाता येते. तो दरवाजा खरोखर दोघांचा आहे, याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे: शिक्षिका असलेल्या पत्नीने घटस्फोटित पतीला दरमहा ३,००० रुपये द्यावेत, हा नांदेडच्या न्यायालयाचा आदेश औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम केला.

आता माझ्या धाकट्या भावाची गोष्ट सांगतो. त्याचे लग्न १९ महिने टिकले. हाती येणारा पगार ६२,००० रुपये आणि फ्लॅटचा हप्ता २७,००० रुपये. सुरुवातीची रक्कम भरण्यासाठी वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून ९ लाख काढून दिले होते. दोन शहरांत मिळून तीन प्रकरणे चालू झाली आणि प्रत्येक तारखेला त्याची रजा खर्ची पडत गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात निव्वळ पगाराच्या २५ टक्के ही पोटगीची योग्य रक्कम मानली होती. हप्ता आणि ती पोटगी वजा केली तर त्याच्याकडे पुण्यात राहून आई-वडिलांना सांभाळण्यासाठी किती उरते, याचा हिशेब आपण बँकेत काम केलेल्या असल्यामुळे सहज कराल. फ्लॅट लग्नानंतर घेतलेला आहे, तेव्हा आपल्या नियमाने त्याचा निम्मा वाटा १९ महिन्यांच्या संसाराला जाईल आणि पुढची १८ वर्षे हप्ते भरायला तो एकटा राहील. यात मला न्याय दिसत नाही. दोघांचाही खरा शत्रू विलंब आहे. प्रकरणे वर्षभरात निकाली निघाली तर निम्म्या तक्रारी उरणार नाहीत.

सविनय

मी सांगली जिल्ह्यात २० वर्षांहून अधिक काळ कौटुंबिक प्रकरणे चालवते आणि दोन्ही बाजूंनी उभी राहते, म्हणून तटस्थ यांचा मुद्दा मला समजतो. दरवाजे चार आहेत हे खरे, परंतु ते उघडतात एकाच खोलीत. एका कायद्याखाली मिळालेली पोटगी दुसऱ्याखाली रक्कम ठरवताना वजा धरावी, हे सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात स्पष्ट केले आहे. त्याच निकालाने दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे ठरवले. ते प्रकरण नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातले. पत्नीला दरमहा १५,००० रुपये अंतरिम पोटगी देण्याचा आदेश ऑगस्ट २०१३ मध्ये झाला, आणि त्या अंतरिम रकमेचा वाद दिल्लीपर्यंत जाऊन मिटायला २०२० साल उजाडले. विलंब दोघांचा शत्रू असे तटस्थ म्हणतात. विलंबाच्या काळात पगार ज्याच्या खात्यात जमा होत राहतो आणि जिच्या मुलाची फी थकत राहते, त्या दोघांना तो सारखाच जड जातो असे मला माझ्या अनुभवावरून म्हणता येत नाही.

पोटगीचा हुकूम मिळाला की बाई सुटली, असा एक समज आहे. हुकुमानंतर वसुलीची दरखास्त सुरू होते. नवऱ्याने पैसे भरले नाहीत तर वॉरंट निघते, एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि थकलेली रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट मिळत नाही. नवरा पगारदार असेल तर दिवाणी हुकुमाखाली पगाराचा दोन-तृतीयांश भाग जप्त होऊ शकतो, ही मोठी सोय आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या बायकांचे नवरे बहुतेक शेती, ठेकेदारी, वडाप (खासगी प्रवासी वाहतूक) किंवा गलाईच्या धंद्यातले असतात. खानापूर-आटपाडीकडचा माणूस तमिळनाडूत नाहीतर बंगालमध्ये सोने-चांदी गाळण्याचे दुकान चालवतो, गावाकडे दुमजली बंगला बांधतो आणि प्रतिज्ञापत्रात मासिक उत्पन्न १२,००० लिहितो. बाई प्लॅस्टिकच्या पिशवीतून रेशनकार्ड, लग्नपत्रिका, मुलांचे दाखले आणि बंगल्याच्या वास्तुशांतीचा फोटो घेऊन येते. फोटो पाहून मलाही सगळे कळते. पण बंगला सासऱ्याच्या नावावर असतो.

जमिनीचे तर आणखी सोपे आहे. भांडण वाढते आहे असे दिसले की भावाच्या नावाने हक्कसोडपत्र किंवा आईच्या नावाने बक्षीसपत्र होते, फेरफार मंजूर होतो आणि नोटीस लागेपर्यंत सातबाऱ्यावरून नवऱ्याचे नाव गेलेले असते. अशी फुकट किंवा जाणूनबुजून घेतलेली मिळकत पोटगीच्या हक्कातून सुटत नाही, असे हिंदू दत्तक व पोटगी कायद्याचे कलम २८ सांगते, आणि मी ते वापरतेही. मात्र ते सिद्ध करायला लागणारी वर्षे आणि खर्च यांमुळे दहातल्या आठ बायका मध्येच तडजोड करतात. वकील मोफत मिळू शकतो, कारण विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात स्त्रीला उत्पन्नाची अट नाही, आणि महाराष्ट्राने १९९४ पासून पोटगी व घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे. पण तारखेला येण्याचे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी तिलाच सोसावी लागते.

तडजोड कशी होते, तेही सांगते. परस्पर संमतीच्या घटस्फोटाला दोघांची सही लागते आणि ती सही हेच चलन होऊन बसते. "पोटगी सोड, दागिने विसर, मग सही देतो," हे वाक्य मी न्यायालयाच्या व्हरांड्यात इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकून आता धक्का बसत नाही, याचीच मला खंत वाटते. दागिन्यांचे म्हणाल तर स्त्रीधनावर पतीचा हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ पासून सांगितले आहे आणि एप्रिल २०२४ मध्येही दुजोरा दिला आहे. अडचण पुराव्याची येते. सराफाची पावती वडिलांच्या नावावर असते, किंवा रोखीचा व्यवहार असल्याने पावतीच नसते. मधल्या काळात दागिने मोडून नवे केलेले असतात. आणि लॉकर सासूच्या नावावर असतो.

कायद्याची भाषाही अजून पूर्ण सरळ झालेली नाही. पत्नी व्यभिचारात राहत असेल किंवा पुरेशा कारणाशिवाय नांदायला नकार देत असेल तर पोटगी नाही, या तरतुदीमुळे नवऱ्याच्या जवळजवळ प्रत्येक कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, तिच्या चारित्र्यावर एक परिच्छेद येतो, मग त्याला आधार असो वा नसो. पहिले लग्न लपवून फसवलेल्या दुसऱ्या पत्नीला तर मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००४ मध्ये 'बेकायदा पत्नी' म्हटले होते. हा शब्दप्रयोग स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सुनावले आणि अवैध ठरलेल्या विवाहातही कलम २५ खाली कायम पोटगी मिळू शकते असा निर्णय दिला. मधली २१ वर्षे ज्या बायकांनी तो शब्द ऐकला, त्यांतल्या दोघी माझ्या पक्षकार होत्या.

एक शेवटची गोष्ट. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांत, घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणारी स्त्री हा वेगळा प्रकार नोंदलेला आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर तिला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पोटगी ठरते पण हाती पडत नाही, हे शासनानेच गृहीत धरले आहे, याहून वेगळा पुरावा मला शोधावा लागत नाही.

कृष्णाकाठ

सविनयताईंनी जमिनीबद्दल लिहिले ते खोटे नाही. आमच्या गावातही असे फेरफार झालेले आहेत आणि ते करणाऱ्यांना गावात कोणी चांगले म्हणत नाही. तरीही शेतजमिनीत निम्मा हिस्सा देण्याच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे.

आमची तीन भावांत मिळून साडेसहा एकर जमीन आहे, त्यातली दोन एकर पाण्याखालची. सामाईक विहीर एक, ठिबकचे कर्ज माझ्या नावावर, सोसायटीचे पीककर्ज प्रत्येकाच्या नावावर. माझ्या वाट्याचे उद्या दोन भाग झाले तर एक एकर आणि थोडे गुंठे उरतात. त्यावर कोणी ऊस लावला तरी घर चालत नाही. तुकडे होऊ नयेत म्हणून १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे, तो काही उगाच केलेला नाही. शिवाय हिस्सा म्हटले की देणेही आले. अतिवृष्टीच्या वर्षी थकलेले पीककर्ज निम्मे पत्नीच्या माथी मारायचे का, याचे उत्तर हिस्सा मागणाऱ्यांनी द्यायला हवे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिस्सा दिला आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. माहेरचा हिस्सा असताना सासरच्या जमिनीचेही भाग पाडले तर एकाच पिढीत जमीन दोन ठिकाणी मोडेल.

मी हे स्त्रीद्वेषाने लिहीत नाही. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले तेव्हा माझे वडील ट्रकमध्ये बसून गेले होते आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा त्यांनी एक एकर आईच्या नावावर करून दिली. आज वडील नाहीत. आई त्या एकराचा खंड स्वतःच्या हाताने मोजून घेते आणि तिला कोणाकडे हात पसरावा लागत नाही. हे काम वडिलांनी मनाने केले म्हणून घरात टिकले. न्यायालयाने करायला लावले असते तर भावकीत डोकी फुटली असती.

हडसनतीर

कृष्णाकाठ यांच्या शंकेला एक उत्तर इतरत्र अमलात आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. मी न्यू जर्सीत राहतो. येथे विवाहकाळात मिळवलेली मिळकत घटस्फोटाच्या वेळी न्याय्य प्रमाणात वाटली जाते, आणि ते प्रमाण निम्मेच असावे असा नियम नाही. वारसाहक्काने आलेली किंवा तिसऱ्या व्यक्तीने एकाला भेट दिलेली मिळकत वाटणीत धरत नाहीत. संसार किती वर्षे टिकला आणि घर सांभाळणाऱ्याने किती भार उचलला, हे न्यायाधीश पाहतात, आणि कर्जेही विचारात घेतली जातात. या पद्धतीत वडिलोपार्जित साडेसहा एकर बाहेर राहील. लग्नानंतर कमाईतून घेतलेली जमीन तेवढी आत येईल. येथे वकिलांचा खर्च मात्र मोठा असतो, हेही सांगायला हवे.

मांडवी

गोव्याचा उल्लेख सांजवातताईंनी केला, पण पुढे त्यावर कोणी लिहिले नाही. मी डिचोलीची, आणि माझी थोरली बहीण लग्न होऊन कोल्हापूरला गेली, त्यामुळे दोन्हीकडचे कागद आमच्या घरात आहेत.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान या सगळ्यांना लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मिळकत सामाईक होते आणि त्यात दोघांचाही अविभक्त निम्मा हिस्सा असतो. माझ्या नवऱ्याला त्याच्या वडिलांकडून आलेली बागायत विकायची असेल तर खरेदीखतावर माझी सही लागते. ती नसेल तर व्यवहार पुढे सरकत नाही. आयकर कायद्यात एक कलम केवळ आमच्यासारख्यांसाठी आहे: पगार सोडून घरभाडे, धंदा वगैरे उत्पन्न पती-पत्नींत निम्मे-निम्मे वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवावे लागते. मी स्वतः नोकरी करत नाही, तरी दरवर्षी जुलैत माझे विवरणपत्र भरले जाते. त्यामुळे घरात काय येते आणि कुठून येते, हे मला विचारावे लागत नाही. ते माझ्या सहीच्या कागदावर छापलेले असते. सांजवातताईंच्या त्या दूधवाल्या बाईची गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या घरचा हा कागद आठवला.

तटस्थ यांनी असे समजू नये की गोव्यात सगळे आलबेल आहे. मिळकतीचा कारभार कायद्याने पतीकडेच दिलेला आहे. हिंदूंसाठीच्या १८८० च्या फर्मानात पुरुषाला काही अटींवर दुसऱ्या लग्नाची मुभा देणारी तरतूद होती आणि तिच्यावर आजही टीका होते. घटस्फोटात वाटणी करायची तर इन्व्हेंटरीचे, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटे ठरवण्याचे, प्रकरण चालवावे लागते आणि त्यालाही वर्षे जातात. सही घेताना समजावून सांगण्याऐवजी "इथे कर" म्हणून बोट दाखवणारे नवरे इथेही आहेत. परंतु वाद सुरू होतो तो हिस्सा किती आणि कसा यावर. हिस्सा आहे की नाही, हा प्रश्न बाईला विचारावा लागत नाही. माझी बहीण कोल्हापुरात २२ वर्षे संसार करून वेगळी झाली तेव्हा तिने वकिलाला पहिला प्रश्न "घरातला माझा भाग किती?" असा विचारला, कारण ती गोव्यात वाढलेली होती. उत्तर मिळाले तेव्हा तिला वाटले की वकील चुकला आहे.

अनुराधा

स्त्री असूनही मी सांजवातताईंच्या विरुद्ध बाजूने लिहिते आहे, याचा राग मानू नये. ठाण्यात मी स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावावर घर घेतले. नवऱ्याने गेल्या ११ वर्षांत सलग सहा महिनेही नोकरी केलेली नाही आणि घरातली कामेही माझ्या वाट्याला आहेत. उद्या आम्ही वेगळे झालो तर आजच्या कायद्याने घर माझे आहे. 'दोघांपैकी कोणाच्याही नावावर' हे आपले शब्द लागू झाले तर त्याला माझ्या घरात वाटा मिळेल. कमावत्या स्त्रियांची संख्या वाढत असताना असा कायदा सर्वांत आधी त्यांच्याच मुळावर येईल, अशी मला भीती वाटते.

माझ्या कार्यालयातल्या मैत्रिणींना मी एकच सांगत आले आहे. नवरा गृहकर्जाचा हप्ता भरणार आणि तू किराणा, शाळेची फी आणि गॅस भरणार, ही वाटणी मान्य करू नकोस. पगार सारखा असला तरी दहा वर्षांनी त्याच्याकडे घर असते आणि तुझ्याकडे खर्चाच्या पावत्याही नसतात. हप्त्यात तुझा वाटा टाक आणि करारनाम्यावर तुझे नाव घाल. महाराष्ट्रात घर स्त्रीच्या नावावर घेतले तर मुद्रांक शुल्कात २०२१ पासून एक टक्का सवलत आहे, ती मागून घे. कायदा बदलण्याची वाट पाहण्यापेक्षा हे आज करता येते.

तटस्थ

हडसनतीर आणि मांडवी यांच्या प्रतिसादांनी माझी एक हरकत सौम्य झाली. वारशाची मिळकत वगळली आणि लग्नाच्या वर्षांप्रमाणे प्रमाण ठरवले, उदाहरणार्थ पाच वर्षांच्या आत काहीच नाही आणि पुढे वाढत जाणारा हिस्सा, तर चर्चा होऊ शकते. पण वडिलांचे ९ लाख आधी बाजूला काढल्याशिवाय त्या फ्लॅटची वाटणी मला कधीही मान्य होणार नाही. तसेच हिस्सा मिळाल्यावर तहहयात पोटगीही चालू ठेवावी, हे मला दुहेरी वाटते.

सांजवात

अनुराधाताई, राग कसला? आपण दाखवलेली अडचण खरी आहे आणि मी ती लिहिताना विचारात घेतली नव्हती. घरात कोणी काय केले हे न पाहता सरसकट निम्मे केले तर तुमच्यावर अन्याय होईल. म्हणून मिळकतीच्या वाटणीत पैसा आणि श्रम या दोन्हींचा वाटा पाहावा, असे मी माझे म्हणणे दुरुस्त करते. तुमच्या नवऱ्याने दोन्हीही दिलेले नाही. मैत्रिणींना दिलेला आपला सल्ला उत्तम आहे, पण तो पगार असलेल्या बाईला उपयोगी पडतो. जिने आयुष्यभर धारा काढल्या, तिच्याकडे हप्त्यात टाकायला स्वतःचे पैसे कधी आलेच नाहीत.

कृष्णाकाठ, आपल्या वडिलांबद्दल वाचून फार बरे वाटले. महसूल खात्यानेही १९९२ मध्ये परिपत्रक काढून, पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची वाट मोकळी केली होती. मात्र दोन्ही ठिकाणी सुरुवात पतीच्या इच्छेने होते, आणि घटस्फोटाच्या वेळी नेमकी तीच इच्छा उरलेली नसते. माहेरच्या हिश्श्याबद्दल सांगायचे तर बँकेत बहिणींची हक्कसोडपत्रे मी गठ्ठ्याने पाहिली आहेत. भाऊबीजेला माहेरी जाता यावे म्हणून केलेली ती सही असते. त्यामुळे त्या बाईला दोन्हीकडून हिस्सा मिळतो हे कागदावर बरोबर असले तरी माझ्या शाखेत आलेल्या बायकांपैकी बहुतेकींकडे एकाही बाजूचा नव्हता. कर्जाच्या बाबतीत मात्र आपले म्हणणे मला मान्य आहे. संसारासाठी घेतलेले कर्ज आधी वजा व्हावे आणि उरलेले वाटावे.

तटस्थ, आपल्या वडिलांचे ९ लाख वाटणीपूर्वी बाजूला काढावेत, हे मला पूर्ण मान्य आहे. ज्या पानावर ते ९ लाख लिहिले जातील त्याच पानावर त्या बाईने मोडलेल्या पाटल्यांची किंमतही लिहिली जावी, एवढेच माझे मागणे आहे.

तटस्थ

लिहायला माझी हरकत नाही. पण ९ लाखांचा धनादेश बँकेच्या उताऱ्यात दिसतो. पाटल्या कोणाच्या होत्या आणि त्यांतून गायच घेतली, हे न्यायालयात कोण आणि कसे सिद्ध करणार?

सविनय

अशा एका प्रकरणात आम्हाला सराफाच्या वहीतली दागिने मोडल्याची नोंद मिळाली होती. तिच्या तारखेनंतर सहाव्या दिवशी नवऱ्याच्या नावाने गाईचा विमा उतरवलेला होता आणि विम्याच्या कागदावर गाईची किंमत लिहिलेली होती. दोन्ही रकमांत ७०० रुपयांचे अंतर निघाले. डेअरीची दहा-दहा दिवसांची बिले न्यायालयाच्या समन्सवर आली. तेवढे जुळवायला मला १४ महिने लागले, आणि त्यावरून पोटगीची रक्कम वाढवून मिळाली. गाईंमध्ये मात्र हिस्सा मागता आला नाही, कारण तो मागण्यासाठी आजच्या कायद्यात कलमच नाही.